डोरिसच्या पोटातलं शिसं

डोरिसने दाण्यांकडे पाठ फिरवली आणि बेरिल हॅगार्टीचा संशय थेट कुंपणापलीकडे गेला.

डोरिस ही बेरिलची तांबडी कोंबडी. एक पंख जमिनीला टेकलेला, मान गळालेली, शीट हिरवीगार. कुंपणापलीकडे राहायचा क्लाइव टकर. डोरिसने मागे त्याचा सॅलडचा वाफा उकरला होता, तेव्हा तो म्हणाला होता, "बेरिल, हिचं सूप झकास होईल." ऑस्ट्रेलियातल्या या मेरीबरो गावात असं सगळेच म्हणतात. पण म्हणून सगळ्यांच्या शेजारची कोंबडी आजारी पडत नाही.

जनावरांच्या डॉक्टर थाओबाईंनी पडद्यावर एक्स-रे दाखवला. डोरिसच्या पोटात पांढरे ठिपके चमकत होते.

"शिसं आहे. जुन्या रंगात असायचं ते. भिंती-लाकडावरच्या रंगाचे पोपडे खाल्लेले दिसतात."

"कुणी मुद्दाम घातले असतील तर?"

"कोंबडीला घालावं लागत नाही हो, दिसेल ते ती आपणच टिपते," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ छातीत इंजेक्शन. एकाने धरायचं, एकाने टोचायचं. चुकवलंत तर वाचायची नाही."

बेरिल विधवा, मुलगी पर्थला. सकाळ-संध्याकाळ हाकेच्या अंतरावर असलेला माणूस एकच, आणि संशयितही तोच. तिने कुंपणाशी जाऊन फक्त एवढंच सांगितलं, "पोटात विष गेलंय तिच्या," आणि त्याचा चेहरा निरखला. क्लाइवचा चेहरा पडला. विष घालणाऱ्याचा पडेल तसाच.

"मी धरतो तिला," तो लगेच म्हणाला. लगेच! बेरिलने हेही मनात टिपून ठेवलं.

डोरिसचा मुक्काम धुण्याच्या खोलीत, कपड्यांच्या टोपलीत, गरम पाण्याच्या पिशवीला टेकून. क्लाइवने आपल्या फावड्यासारख्या हातांत तिला उचललं. सुई बेरिलने स्वतःकडेच ठेवली होती.

"गळ्यावरचा अंगठा काढ."

"गळा कुठला? पाय आहे तो, बेरिल."

"ठाऊक आहे मला. तरी काढ."

स्वयंपाकघरात किटली कोकलत राहिली, पण क्लाइवला कोंबडीपाशी एकटं सोडून बेरिल हलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उकडलेला भोपळा कुस्करून आणला. बेरिलने आधी स्वतः चमचाभर खाल्ला आणि खुर्चीत बसून वाट पाहिली. आपल्याला काही होत नाही, हे बघून तिला किंचित निराशाच झाली. मग उरलेला डोरिसला भरवला.

आता पुरावा हवा होता. क्लाइव बाजारात गेलाय हे पाहून ती त्याच्या घराभोवती फिरून आली. घर विटांचं, खिडक्या अॅल्युमिनियमच्या, कुंपण पत्र्याचं. खरवडायला नखभर रंग नाही. माणूस पक्का आहे, असं पुटपुटत ती परतली आणि खुराड्याच्या दाराशी थबकली.

शिंपल्यांच्या चुऱ्याचं भांडं. कोंबड्यांना अंड्याच्या कवचासाठी हा चुरा लागतो, आणि दुकानात तो फुकट मिळत नाही. नाताळाआधी बेरिलने व्हरांड्याचा जुना कठडा खरवडला होता. खाली पांढऱ्या पोपड्यांचा ढीग पडला. हुबेहूब शिंपल्यांसारखे! ते फेकून द्यायचे? बेरिलच्या घरात चहाची पिशवीही दोनदा बुडते. तिने ढीग झाडून या भांड्यात ओतला होता आणि आपल्या हुशारीवर दिवसभर खूश होती.

तिने हातमोजे घातले, भांडं पिशवीत बांधलं, खुराड्यातली वरची माती काढली. मग पायरीवर बसून राहिली. क्लाइवला सांगणं भाग होतं. सांगितलं की तो हसणार. तो हसला की संध्याकाळपर्यंत क्लबातला प्रत्येक म्हातारा हसणार.

संध्याकाळी क्लाइव आला तो मान खाली घालूनच. डोरिसला मांडीवर घेऊन म्हणाला, "बेरिल, तुला सांगायचं राहिलंय. मी रोज हिला कुंपणावरून पाव टाकायचो. मागे एकदा बुरशी आलेला होता. मीच मारलं गं हिला."

बेरिलने सुई टोचली. खरं काय ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. एवढ्यात डोरिसने पाय झाडले, मान वर काढली आणि क्लाइवच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"आई गं! अगं बेरिल, जोर आला की हिला!" क्लाइवच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बेरिललाही नाक पुसावं लागलं.

"जाऊ दे, क्लाइव," ती मोठ्या मनाने म्हणाली. "झालं ते झालं. मी मनात ठेवणार नाही. सकाळी मात्र वेळेवर ये."

तिचे पुन्हा पुन्हा आभार मानत तो गेला. बेरिलने कडी लावली आणि खिडकीचा पडदा बोटभर सरकवून, तो घरात शिरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. न केलेला गुन्हा इतक्या झटपट कबूल करणारा माणूस. केलेले किती लपवून बसला असेल, कोण जाणे.