सकाळचं ज्याचं त्यानं

आनंदाबाईंनी पावाच्या कापावर लोणी पसरवलं, त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे चिमटीचिमटीने पेरले आणि पहिला घास घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. हरिदास फिरून परत आले होते, आणि तेही रोजच्यापेक्षा लवकर. आनंदाबाईंनी ताटली ओट्यावर टेकवली, भिंतीशी उभी असलेली परात ओढून तिच्यावर पालथी घातली आणि कामात असल्यासारखं दिसावं म्हणून हाताला लागलेल्या पातेल्यात पळी फिरवायला लागल्या.

"काय करून राह्यली?" हरिदास दारातूनच म्हणाले.

"पोहे."

"पातेल्यात त काईच नाई."

"भिजवतो न आता. तुम्ही आधी चपला काढा बरं."

हरिदास चपला काढायला मागे वळले. साठी ओलांडलेल्या बाईने आपल्याच घरात, आपल्याच ओट्याशी पाव चोरून खावा म्हणजे हद्दच झाली. पण आनंदाबाईंचा इलाज नव्हता. मुलाकडून, नेदरलँड्सहून परत आल्यापासून त्या साऱ्या सिंदी मेघे गावाला सांगत सुटल्या होत्या की तिकडचं खाणं म्हणजे नुसता थंडगार पाव, चव ना ढव, आपलं तर पोटच भरलं नाही. गल्लीतल्या बायांना हेच ऐकायचं होतं. त्या हळहळल्या, कुणी झुणका आणून दिला, कुणी कोथिंबिरीची सांबारवडी. आता त्याच पावासाठी सकाळी सकाळी जीव कासावीस होतो, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्यातून आज रविवार. धनंजय त्यांचा एकुलता एक मुलगा, आइंडहोवनला नोकरीला. त्याची बायको स्वीटी बाळंतपणानंतर पुन्हा कामावर रुजू होणार होती. गेल्या रविवारी तो म्हणाला होता, "आई, पुढच्या रविवारी पक्कं सांग. येत असशील तर तिकीट काढतो, नसशील तर पोरीला पाळणाघरात घालतो." तेव्हा आनंदाबाईंनी काही बोलायच्या आत हरिदासच फोनमध्ये बोलून मोकळे झाले होते, "तिले तिकडं करमत नाई रे बाबू." एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. त्यांच्या आवाजापुढे दुसऱ्याचा आवाज निघणं कठीणच होतं.

आणि आनंदाबाईही गप्प बसल्या होत्या. कारण त्यांनाही एकच प्रश्न होता. आपण गेलो तर या माणसाच्या तोंडात सकाळी काय पडेल? मागच्या खेपेला तीन महिन्यांसाठी गेलेल्या त्या महिना बाकी असतानाच परत आल्या होत्या, त्या याच कारणाने. हरिदास फोनवर रोज सांगायचे, "चाललं कसंबसं. सकाळी चहावरच राहतो. जाऊ दे, तू माही फिकीर नको करू." फिकीर करू नको असं ज्या सुरात ते म्हणायचे, त्याने कुणाचंही काळीज हललं असतं. धनंजय नाराज झाला, नातीला सोडताना त्यांचा स्वतःचा पाय निघेना, तरी त्या आल्या.

त्यांनी पोहे चाळणीत घेतले, नळ सोडला, बंद केला. कांदा घेतला, अर्धा चिरून ठेवून दिला. उगाच फडक्याने ओटा पुसला, परातीला वळसा घालून. मन कुठे म्हणून ठरत नव्हतं.

तिकडच्या सकाळी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडल्या होत्या असं मुळीच नाही. पहिल्या सकाळी त्या सवयीने अंधारात उठल्या होत्या आणि सगळ्यांसाठी गव्हाच्या जाड पिठाची उकडपेंडी करायला घेतली होती. कांद्या-मिरचीची फोडणी चरचरली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं काही बोंबललं की बाळ दचकून रडायला लागलं. धनंजय खिडक्या उघडत धावला. मग त्याने उभ्या उभ्या दोन चमचे उकडपेंडी खाल्ली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मस्त झाली आई. पण तू उठत नको जाऊ. इथं सकाळचं ज्याचं त्यानं असतं." आणि फ्रिजमधून रात्री भिजत घातलेल्या ओट्सची बरणी काढून पिशवीत टाकून सायकलवर निघून गेला. स्वीटीने पावावर शेंगदाण्याचं लोणी थापलं आणि एका हाताने पोरीला धरून दुसऱ्या हाताने खाल्लं. आनंदाबाईंना त्या दिवशी फार अपमान वाटला. न्हाणीघरात जाऊन त्या रडल्याही.

शनिवार-रविवारी धनंजयचे मित्र जमायचे. कुणी नागपूरचा, कुणी पुलगावजवळच्या नाचणगावचा. त्यांच्या गप्पा सुरू झाल्या की तिखट रस्सा घातलेल्या तर्रीपोह्यांवर यायच्या. कुठल्या चौकातली तर्री झणझणीत, कोण वरून चणे जास्त घालतो, यावर भांडणं व्हायची. बोलायचे तर्रीचं आणि खायचे पाव. आनंदाबाईंना आधी त्यांची कीव यायची. मग एकदा त्यातल्या एकाने चॉकलेटच्या दाण्यांचा खोका पुढे केला. "काकू, इथले लोक सकाळी हेच खातात. लहान पोरंच नाही, मोठेही." मोहरीएवढे दाणे लोण्यात रुतलेले. त्यांनी नाक मुरडून एक घास घेतला आणि दुसरा न मुरडता.

पण खरं सांगायचं तर पाव हे निमित्त होतं. एका सकाळी सगळे बाहेर पडले, बाळ झोपलेलं होतं, आणि आनंदाबाई टेबलाशी बसल्या. आपल्यापुरता एक काप घेतला, भाजला, आणि गरम गरम खाल्ला. खाता खाता त्यांच्या लक्षात आलं की आपल्या आधी कुणाला वाढावं लागलेलं नाही, आपल्या मागून कुणी ताट मागणार नाही, आणि आपण बसलेलो आहोत. लग्न झाल्यापासून हरिदासांची पहिल्या गाडीची ड्युटी, मग धनंजयची शाळा, मग सासूबाईंचं पथ्य. सकाळचा त्यांचा स्वतःचा घास नेहमी उभ्याने, कढईतला, गार. त्या सकाळी त्यांना एवढा आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"आनंदाबाई, हाय का वो घरात?"

शेजारच्या देवकाबाई. हातात रिकामी वाटी, डोक्यावर पदर, आणि घाईने धाप लागलेली.

"या न. काय झालं?"

"जावई आले न आमचे कारंज्याहून. त्याईले नाश्त्याले उकडपेंडी पायजे म्हणते. भाऊजी कोठी हायेत?"

"आंघोळीले गेले. कामून?"

"विचाराचं होतं, ते पिठात ताक कधी टाकतेत? भाजल्यावर लगेच, का पाणी शिपडल्यावर? माही त नुसती गिच्च होते बाप्पा. भाऊजीची कशी मोकळी, दाणा दाणा वेगळा."

आनंदाबाईंच्या हातातली चाळणी तिरकी झाली आणि ओले पोहे पायावर सांडले.

"कोणाची?"

"भाऊजीची. तुम्ही नोहत्या तवा रोज सकाळी त वास येत होता आमच्या घरी. मी आमच्या यायले म्हणलं, पाहा, शिका जराक. एक दिवस त वाटीभर..." देवकाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. "अवं माय. त्यायनं सांगू नका म्हणलं होतं."

त्यांनी वाटी छातीशी धरली आणि ताकाचं उत्तर न घेताच फाटकातून निघून गेल्या.

आनंदाबाईंनी चाळणी ओट्यावर ठेवली. आधी त्यांना हसू आलं. पीठ भाजणारे हरिदास! ज्यांना गॅसची कळ कुठल्या बाजूला फिरते ते माहीत नव्हतं. मग हसू गेलं आणि संताप आला. रोज सकाळी वाटीभर उकडपेंडी चापून फोनवर रडगाणं गाणारा माणूस, आणि त्याच्यासाठी आपण पोरीला रडत ठेवून विमानात बसलो. आणि संतापाच्याही खाली आणखी काहीतरी बोचलं, ज्याची त्यांना अपेक्षा नव्हती. हरिदासांना आपल्यावाचून जमत होतं.

हरिदास टॉवेलने डोकं पुसत आले.

"पोहे झाले?"

"नाई. आज तुम्ही करा."

"मी? मले काय येते?"

"उकडपेंडी येते."

टॉवेल डोक्यावरच थांबला. बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग हरिदासांनी टॉवेल खुंटीला अडकवला, ओट्याशी आले आणि मुकाट्याने गव्हाच्या जाड पिठाचा डबा बरोबर खालच्या फळीवरून काढला. पीठ घ्यायला त्यांनी परात उचलली.

खाली ताटली. ताटलीत पाव, पावावर चॉकलेटचे दाणे, लोण्यात थोडे विरघळलेले.

"हे काय हाय?"

"माहा नाश्ता," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा तापला होता. "तिकडचा."

"तू त म्हणत होती, तिकडं पोट भरत नाई."

"खोटं म्हणत होतो."

हरिदासांनी वाकून पाव पाहिला. हात लावला नाही. ताटली उचलून त्यांनी टेबलावर ठेवली, खुर्ची मागे ओढली आणि पुन्हा ओट्याकडे वळले. आनंदाबाई खुर्चीत बसल्या खऱ्या, पण पावाला त्यांनी स्पर्श केला नाही. त्या हरिदासांच्या पाठीकडे बघत राहिल्या. पीठ मंद आचेवर खमंग व्हायला लागलं. हरिदासांनी ते वेगळं काढलं, कांदा घातला, मिरची घातली, कढीपत्ता टाकल्याबरोबर मागे सरकले. एकदाही कुठे काय ठेवलंय ते विचारलं नाही.

"कधी शिकले?"

"तू गेल्यावर. पहिले काही दिवस चौकात जाऊन तर्रीपोहे खाल्ले. मंग जळजळ व्हाले लागली. मंग म्हणलं, तुले पाहात होतो न इतके वर्षं, पाहून पाहून काय नाई येत?"

"मले काऊन नाई सांगतलं?"

हरिदास ताकाचा शिपका मारत होते. झाकण ठेवलं. गॅस कमी केला. पाठ तशीच होती आणि नेहमीचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"सांगतलं असतं, त तू परत आली असती?"

आनंदाबाईंनी पावाची ताटली थोडी बाजूला सरकवली.  हरिदासांनी झाकण काढलं, वाफ चेहऱ्यावर घेतली, आणि एका थाळीत उकडपेंडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. वर कोथिंबीर टाकायलाही विसरले नाहीत.

त्यांनी घास घेतला. मोकळी, खमंग, आंबटपणा बेताचा. त्यांच्या हातच्यापेक्षा काकणभर सरसच, आणि हे त्यांना कबूल करावं लागणार होतं. डोळे भरून आले ते मिरचीने की कशाने, ते त्यांनी पाहिलं नाही. त्या राग धरायला बसल्या होत्या, पण ज्या माणसाने आपल्याला परत आणायला उपाशी असल्याचं सोंग केलं, त्याच्यावर राग धरावा कसा आणि सोडावा कसा, हे त्यांना कळेना.

"तुम्ही नाई खात?"

"तू खा. मी मागून खातो."

फोन वाजला. टेबलावरच होता. पडद्यावर धनंजयचं नाव आणि मांडीवर बसलेली नात. हरिदासांचा हात सवयीने पुढे आला, बटणापर्यंत गेला, आणि त्यांनी फोन आनंदाबाईंच्या थाळीजवळ सरकवून दिला.

"आई," धनंजयचा झोपाळलेला आवाज आला. तिकडे अजून पहाटच होती, पण मागे पोर जागी होऊन काहीतरी बडबडत होती. "काय ठरलं? तू म्हणायच्या आधीच सांगतो, जबरदस्ती नाही. मला माहितेय, तिकडं बाबांचं जेवणाखाण्याचं..."

आनंदाबाईंनी समोर पाहिलं. हरिदास ओट्याला टेकून उभे होते. हात पिठाने माखलेले, नजर जमिनीकडे. ते काही बोलले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते बोलत नव्हते.

"तुह्या बाबाले येते सारं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी येतो."

पलीकडे धनंजय ओरडला, स्वीटीला हाक मारली, पोरीला उचलल्याचा आवाज आला. मग तो परत फोनवर आला आणि जरा जपून म्हणाला, "बाबा काय म्हणतात?"

आनंदाबाईंनी फोन त्यांच्याकडे केला. हरिदासांनी पिठाचे हात मागे धरले, फोनवर वाकले, घसा साफ केला. आवाज पुन्हा पूर्वीसारखा निघाला, शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा.

"तिकीट खिडकीजवळचं काढजो रे. तिले बाहेर पाहाले आवडते."

एवढं बोलून ते वळले आणि कढईत उरलेली उकडपेंडी स्वतःसाठी वाढून घ्यायला लागले.