भिंत ओलांडून गेलेला आंबा

आता जे सांगणार आहे, ते ऐकून तुम्ही मला थापाड्या म्हणणार. खुशाल म्हणा. माझ्या पुतणीनेही आधीच नाक मुरडलं होतं. पण मी या डोळ्यांनी पाहिलंय: आमचा आंबा भिंत ओलांडून शेजारी राहायला गेला.

झाड माझ्या वडिलांनी लावलेलं. बुंधा आमच्या परसात, पाणी मी घालायचो. आणि मोहोर? तो शेजारच्या घड्याळजींच्या अंगणावर! हा माणूस डोळ्याला भिंग लावून दिवसभर तिथे घड्याळं दुरुस्त करत बसायचा. तो शिंकला की आंबा पडायचा, तोही थेट ओंजळीत. नाक पुसलं की दुसरा. माझ्या बाजूला अख्ख्या हंगामात एकच कैरी धरली, आणि मी खाली उभा राहिलो की ती पाठ फिरवायची.

वर आमची ही म्हणायची, "घड्याळजींनी टोपली पाठवलीय. किती दिलदार माणूस!"

माझ्याच झाडाचे आंबे मलाच भेट! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एका सकाळी करवत घेऊन मी शिडीवर चढलो.

घड्याळजींनी भिंतीपलीकडून मान वर केली. "दादा, दाट झालंय खरं. पण दोन्हीकडून विरळ करा हो. एकाच अंगाचं काढलंत तर तोल जाईल."

"तुमची घड्याळं तुम्ही सांभाळा, माझं झाड मी बघतो."

"बरं बरं. शिडी धरू का?"

धरली की हो त्याने, इकडे येऊन! मी त्याच्या डोक्यावरची सावली कापतोय आणि हा खालून "जपून, दादा, जपून" करतोय. अशा माणसाचा हेवा करणं फार जड जातं. तरी मी नेटाने केला. त्याच्याकडे झुकलेली एकूण एक फांदी उतरवली. शेवटी म्हणतो कसा, "या कोवळ्या काड्या टाकूनच देणार असाल तर मी नेऊ?" ने म्हटलं, आंबे संपले, आता काड्याच चघळ.

त्या दिवसापासून झाड रुसलं. बुंध्यावर हात ठेवला तर अंग चोरायचं. मग एका दुपारी वारा सुटला. खिडकीतून बघतो तर आंब्याने एकेक मूळ उपसलं, निऱ्या सावरतात तशी सगळी वर धरली, भिंतीवर एक पाय टाकला...

"पाय?" पुतणीने विचारलं.

"मूळ गं. माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता पलीकडे जाऊन बसलं. खोटं वाटतं? बघ, उभं आहे की नाही!"

तिने टाचा उंचावून भिंतीपलीकडे पाहिलं. आंबा होता, चांगला लगडलेला. "पण काका, हा तर लहानसा आहे."

"चालून चालून झिजला बिचारा."

तेवढ्यात आमची ही आंब्याच्या फोडी घेऊन दारात आली. "झिजला म्हणे! अहो, किती खोटं बोलाल पोरीशी? त्यांच्याकडचं सगळं छाटलंत, वजन राहिलं आपल्याकडे, आणि झाड आडवं झालं ते माझ्या स्वयंपाकघरावर. छपराचे पत्रे काय हौस म्हणून बदलले? तिकडे उभं आहे ते घड्याळजींनी त्या काड्यांचं बांधलेलं कलम. आणि खा आता गुपचूप, या फोडीही त्याच्याच आहेत!"