बाक कुठे ठेवायचा?

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. सागवानी आहे, म्हणून थोडी ऐट चालवून घ्या. एका सुताराने मला एका छोट्या पक्षाच्या कचेरीसाठी घडवलं. पक्ष काढला होता मास्तरांनी. चांगल्या जुन्या रीती मोडू नयेत, बदल करायचाच तर सावकाश करावा, हे त्यांचं म्हणणं. मी आतल्या भिंतीला टेकून असे. रोज तेच चौघे बसत आणि एकमेकांच्या बोलण्यावर माना डोलवत. काय सुखाचे दिवस होते ते! निवडणूक आली की मात्र डिपॉझिट जप्त.

मग मास्तरांची सून पुढे आली. तिने मला व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. मास्तर रुसले. पण माझ्यावर कोण कोण बसलं म्हणून सांगू! भाजीवाली, रिक्षावाले, विरोधी पक्षाचा न्हावीसुद्धा. सूनबाई सगळ्यांचं ऐकायची. जुना बाजार पाडायचा नाही, पण दुकानांनी रस्त्यावर वाढवलेले ओटे काढायचे, अशी मधली वाट तिने धरली आणि ती निवडून आली. लोक माझ्यावर उभे राहून नाचले. पाय निखळायला आला, पण मला फार बरं वाटलं.

पुढच्या खेपेपर्यंत निम्मे ओटे काढायचे राहिलेच होते, पण आता तिला कुणालाच दुखवायचं नव्हतं. दुकानदारांना म्हणाली, ओट्यांना हात लावणार नाही. रिक्षावाल्यांना म्हणाली, ओटे काढतेच. दोन्हीकडचे दोघे एका संध्याकाळी माझ्यावरच शेजारी बसले आणि गप्पांत सगळं बाहेर आलं. मी तेव्हाच ओळखलं, आता काही खरं नाही. ती पडली. ते जुने चौघेही मत द्यायला गेले नाहीत.

डुगडुगतो म्हणून मला मागच्या अंगणात टाकलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. एकदा सूनबाई येऊन बसली आणि रडली. मास्तर येऊन दुसऱ्या टोकाला बसले.

"मामंजी, तुमचा पक्ष मी बुडवला."

"भिंतीपाशी बसून मी तरी कुठे तारला होता? बाक बाहेर नेलास ते बरोबरच होतं. पण पोरी, लोकांनी तळ्यात की मळ्यात विचारलं, तर पाय कुठेतरी टेकलेला हवा."

मग त्यांनी एक चपटा दगड शोधला आणि माझ्या डुगडुगत्या पायाखाली सारला.

आता सुताराने तो पाय घट्ट केलाय आणि मी पुन्हा व्हरांड्यात आहे. मास्तरही इथेच बसतात. निवडणूक जवळ आलीय, निकाल देव जाणे. सूनबाई दुकानदारांना आणि रिक्षावाल्यांना आता एकच गोष्ट सांगते. दोघेही थोडे चिडतात, पण उठून जात नाहीत. तुम्हीही या, मित्रांनो, हवं तितकं भांडा. फक्त जिंकल्यावर माझ्यावर नाचू नका.