रंध्याखाली गेलेला नंबर

(परवाना नूतनीकरणाचा अर्ज. हत्यार तपासणीसाठी सोबत आणावे. एकही रकाना रिकामा सोडू नये.)

नाव व पत्ता

कुंडलिक सखाराम पारठे, हिर्डोशी, तालुका भोर.

एवढं प्रेरणानं न विचारताच लिहिलं. ती कुंडलिकाची पुतणी. भोरला स्टँडसमोरच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज भरून देते. आज चुलत्याचा भरत होती. दोघं कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती आणि दोघांच्या मध्ये, गोणपाटात गुंडाळलेली, बंदूक.

वय

"सदुसष्ट लिही."

"आधारवर एकाहत्तर आहे, तात्या."

"मग एकाहत्तर. सदुसष्टचा माणूस एवढा दमत न्हाई."

परवान्याची मुदत

आजपर्यंत. आज शिक्का पडला नाही तर बंदूक इथंच ठेवून जायचं, कायमचं. वर वाडीत अकरा घरांची नाचणी कणसावर आलेली आणि अकरा घरांत बंदूक एकच. सकाळी वाडीतून निघताना रतनबाईनं, कुंडलिकाच्या बायकोनं, त्याला भाकरी दिली आणि एवढंच म्हणाली, "ती घेऊनच या. न्हाईतर मला समद्यांची तोंडं बघाय लागतील."

शस्त्र बाळगण्याचे कारण

पीक संरक्षण.

"रानडुकरं, असं लिहू?"

"लिही. त्यांना वाचाय येत न्हाई ते बरं हाय. न्हाईतर हरकत घ्यायला आली असती खाली."

शस्त्राचे वर्णन

बारा बोअर, एकनळी, लाकडी दस्ता.

प्रेरणा थांबली. गोणपाट बाजूला सारून तिनं दस्त्यावरून हात फिरवला. "हा एवढा बारीक कधी झाला?"

कुंडलिकानं उत्तर द्यायच्या आत बाकाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस हसला. कामथडीचा कोंडिबा. त्याच्याजवळ कापडी खोळीत दुनळी होती. "पाव्हणं, बंदूक हाय का बासरी?"

"चढावर न्यायला केली," कुंडलिक म्हणाला. "तुमची कामथडी सपाट. आमच्याकडं एसटीतनं उतरल्यावर तासभर वर चालायचं, मग वाडी. वाडीतनं अजून वर रान. दर निवडणुकीला ही खाली आणून ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत वर. दोन वर्षांत तीनदा झालं. गुडघं म्हणाली, एक तर बंदूक ठेव, न्हाईतर आमाला."

"मग?"

"मग भिमा सुताराकडं नेली. म्हणलं, जेवढं निघतंय तेवढं काढ. त्यानं रंधा धरला. दुकानातल्या काट्यावर साडेतीन किलो होती, ती पावणेतीनवर आली. रानात घेऊन गेलो तर खांद्यावर हाय का न्हाई कळंना. लई बरं वाटलं."

"आणि उडवल्यावर?" प्रेरणानं विचारलं.

कुंडलिक उजवा हात उचलायला गेला, तो छातीपाशीच थांबला.

कोंडिबानं मान हलवली. "हलकी लई लाथ मारती. माझी धोंड्यासारखी हाय. न्यायची म्हणजे शिक्षा. पण उडवली तर धक्का सोताच खाती, मला निम्मा बी देत न्हाई. वजन कुणीतरी उचलायचंच, पाव्हणं. तिनं न्हाई तर तुमच्या खांद्यानं."

"एकदाच उडवली," कुंडलिक म्हणाला. "गेल्या साली. डुक्कर गेलं पळून. म्या पडलो नाचणीत. तवापासनं नुसती नेतो आन आणतो."

"तरी परवाना पायजे?"

"माझ्या खांद्याचं वाडीला ठाव न्हाई."

प्रेरणानं कागदावरून मान वर केली, परत खाली घातली.

शस्त्राचा क्रमांक (दस्त्यावर कोरलेला)

प्रेरणानं जुनं परवान्याचं पुस्तक उघडलं. क्रमांक होता. दस्ता फिरवून पाहिला. उलटा करून पाहिला. उजेडात धरला.

"तात्या, नंबर कुठंय?"

"असंल की. आज्याच्या टायमापासनं हाय. हितं, गालाला लागायचा तिथं."

गालाला लागायचा तिथं लाकूड गुळगुळीत होतं. भिमानं वर तेलही लावलं होतं.

कुंडलिकानं बोट फिरवलं. एकदा, मग उलट्या बाजूनं. इतकी वर्षं गालाला टोचणारं काहीतरी नाहीसं झालंय हे त्याला जाणवलं होतं. बरंच वाटलं होतं.

"तासलेला भुसा कुठंय?" प्रेरणानं विचारलं.

"पिशवीत भरून आणलेला. तुझ्या चुलतीनं चुलीला लावला. चांगला पेटतो म्हणाली."

कोंडिबा हसता हसता थांबला. "म्हंजे नंबर भाकरीत गेला."

क्रमांक : ~~चुलीत~~ सोबत जोडलेल्या पुस्तकाप्रमाणे.

फेरफार केला असल्यास कारण

हा रकाना खिडकीत भरला गेला. खिडकीतल्या कारकुनानं बंदूक हातात घेतली, दस्ता पाहिला, चष्मा काढला, डोळे चोळले. तोही सकाळपासून बसलेला दिसत होता.

"काका, हत्याराचा नंबर कुणी तासलाय का?"

"म्या. म्हंजे भिमानं, माझ्या सांगण्यावरनं."

कारकुनानं लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "हे मी ऐकलं नाही. ऐकलं तर परवाना रद्द, वर तुमच्यावर केस. नळीवर दुसरा नंबर आहे, तो पुस्तकाशी जुळतोय. आता नीट ऐका. दस्त्याला वाळवी लागली होती का?"

"न्हाई वो. सागाचा हाय. सागाला कुठं वाळवी?"

प्रेरणानं चुलत्याचं कोपर दाबलं, दुखऱ्या बाजूचं. तो कळवळला.

"काका, दस्त्याला वाळवी लागली होती का?"

कुंडलिकाला तो दस्ता आठवला. आज्याच्या घामानं काळा पडलेला. त्याला कधी काही लागलं नव्हतं, ना भेग, ना कीड. मागं रांगेत कोणीतरी खोकलं. वर अकरा घरं असतील, हात कपाळावर धरून वाट बघत.

"काका."

"व्हय," तो म्हणाला. "लागली हुती."

वाळवी लागल्याने दस्ता तासून घेतला. सही. प्रेरणानं दाखवलं तिथं त्यानं सही केली. अक्षर वाकडं आलं, खांद्यामुळं.

शिक्का पडला. पाच वर्षांचा.

कुंडलिकानं बंदूक उचलली, गोणपाट परत गुंडाळलं. साडेतीनची एसटी मिळेल, असं त्याच्या मनात आलं.

"काका, कुठं चाललात?" कारकून म्हणाला. "सकाळी निवडणूक लागली. जमा करा ठाण्यात, समोरच. निकालानंतर या."

व्हरांड्यात कोंडिबानं आपली खोळ खांद्यावर घेतली. "म्या त्याच्यासाठीच आलोय. चला. तुमची मी घेतो, बासरीचं काय वझं?"

शस्त्र सध्या कोठे आहे

ठाण्यात. लोखंडी कपाटात, कामथडीच्या दुनळीला टेकून उभी.

कुंडलिकाकडं पावती आहे. ती त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली. एसटीतून उतरल्यावर नेहमीची चढण लागली. अर्ध्यावर, जिथं तो नेहमी बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतो, तिथं तो आजही थांबला. खांदा बदलायला काही नव्हतं. तरी बसला, दम लागला होता.

वाडीच्या कडेला रतनबाई उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या हातांकडं पाहिलं, मग पाठीकडं.

"मिळाली का न्हाई?"

"मिळाली," तो म्हणाला. "पाच वर्षं."

"कुठाय?"

त्यानं खिशातली पावती काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटीसुलटी केली, मग घरात जाऊन तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं घेऊन आली. डबा त्याच्या डाव्या हातात दिला.

"लाटणं माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या, डुकरं हाकाय मी वाजवते," ती म्हणाली. "तुमचा खांदा दुखतोय."

त्यानं चमकून तिच्याकडं पाहिलं. ती बांधाच्या दिशेनं निघालीसुद्धा होती.