पुढून उघडणारी चोळी

"ताई, पाठीवरची नाडी काढून टाका. पुढून बंद होईल असं काहीतरी करा," वहिनी म्हणाली. "माझी मला घालता आली पाहिजे."

सुईताईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने तळहातावर काढल्या. "अगं, जुन्या काळच्या राणीची चोळी आहे ही. त्या बायका पाठीवरच आवळून घ्यायच्या. आणि आवळायला मी आहे की!"

"तेच तर नकोय."

वहिनीने पाठ वळवली आणि शाल खाली घेतली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही कालचे. सुईताईने उठून दाराला कडी घातली. कुणी मारलं, हे विचारायचं कारण नव्हतं. वहिनीचा नवरा म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

नाटक कंपनी दादाची होती. नाटकात राणीचं काम वहिनी करायची आणि कपडेपट सुईताई सांभाळायची. सुईताईला नवऱ्याने टाकलं, तेव्हा दादानेच घरात घेतलं होतं, खिडकीशी शिवणयंत्र मांडून दिलं होतं. आईने तेव्हाच बजावलं होतं, "त्याच्या सावलीत राहतेस, तर त्याचं झाकून घ्यायलाही शिक." शिवणाऱ्या बाईला झाकायला काय शिकवायचं!

तिने जीव ओतून काम केलं. आतल्या अस्तराला मधोमध हूक लावले. वरचं रेशीम त्यावरून डावीकडे ओढून घेतलं आणि खांद्याच्या व काखेखालच्या शिवणीत दडवलेल्या बारक्या हुकांना अडकवलं. हूक वाजू नयेत म्हणून त्यांच्यामागे मऊ फलालीनची पट्टी दिली. वरून बोट फिरवलं तरी चोळी कुठे उघडते ते सापडेना.

दादाने ती दिव्याखाली धरून उलटीपालटी केली. "वा! अंगावरच विणल्यासारखी वाटते. हात आहेत की काय आहेत तुझे?"

सुईताई हसली. दादाने शाबासकी दिली की तिला अजून लहानपणीसारखंच बरं वाटायचं.

त्यानंतर वहिनी दार लावून एकटीच तयार होऊ लागली. ती पाठ आता सुईताईला बघावी लागत नव्हती. सुटल्यासारखं वाटलं तिला. हे ती कुणाजवळ बोलली नाही.

एकदा दुपारच्या प्रयोगाआधी नाट्यगृहात, वरच्या दादाच्या खोलीत खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने वहिनी बरगडी धरून कपडेपटात आली. चेहरा पांढराफटक. "जिन्यावरून पडले," ती आपणहूनच म्हणाली.

"डॉक्टरकडे चल आधी."

"लोक येऊन बसलेत, ताई. प्रयोग झाला की जाऊ." हात वर उचलत नव्हता. "आज तेवढे हूक तुम्हीच लावा."

सुईताईने लावले. शेवटचा हूक बसला तशी वहिनी म्हणाली, "घट्ट धरलं की बरं वाटतं."

दुसऱ्या अंकात राणीने सिंहासनावरून उठायचं होतं. ती अर्धी उठली आणि कडेला घसरत खाली गेली. प्रेक्षकांना तो अभिनयच वाटला. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी पडदा ओढला.

प्रेक्षकांतला एक डॉक्टर धावत वर आला. "हिला श्वास घेता येत नाही. हे कपडे सैल करा, लवकर!"

चार-पाच हात पाठीवर नाडी शोधू लागले. दादा स्वतः नखांनी शिवण ओरबाडत होता. "उघडत कशी नाही ही? कुठून उघडते?"

"बाजूला व्हा!" सुईताई वरच्या मजल्यावरच्या कपडेपटातून धापा टाकत आली. खांदा, काख, मग मधले हूक. तिची बोटं चुकली नाहीत. चोळी उघडली, आणि आतलं सगळं सगळ्यांनी पाहिलं.

"हे कशानं झालं?" डॉक्टरने विचारलं.

"जिन्यावरून पडली," दादा म्हणाला. "विचारा ना माझ्या बहिणीला. सांग गं."

सुईताईने वर पाहिलं नाही. वहिनीच्या उघड्या अंगावर तिने आपली ओढणी घातली.

"पडली नाही," ती म्हणाली. "यानं मारलं. नेहमीच मारायचा. मला ठाऊक होतं."

वहिनी इस्पितळापर्यंत जिवंत पोचली नाही. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती. संध्याकाळी पोलीस दादाला घेऊन गेले.

सुईताई घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. "ती गेली ती गेली. माझ्या पोटच्यालाही घालवलंस. काय मिळालं तुला?"

"आई, मी आधी बोलले असते तर…"

"आधीही नव्हतं बोलायचं!" आईने दार लावून घेतलं.

शिवणयंत्र बाहेर जिन्याच्या तोंडाशी काढून ठेवलं होतं. त्यावर सुईताईच्या कपड्यांचं गाठोडं.

तिने गाठोडं खांद्याला अडकवलं. यंत्र दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि जिना उतरायला लागली. लोखंड जड होतं. वळणावर खाली ठेवायची, कंबर सरळ करायची, पुन्हा उचलायची. खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं, कुणीतरी पाहिलं आणि पुन्हा लागलं. तिने हाक मारली नाही.