चौदावी जागा

“साहेब, सुई खाली ठेवली मी. आधी माझं ऐका!”

कर्नलसाहेब दचकलेच. मी त्यांच्या घोडदळाचा शिंपी. तीस वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. पण आज राहवेचना!

घोडदळाचे दोन रिसाले एक झाले होते, थोरला आणि धाकटा. नव्या निशाणावर दोघांनी जिंकलेल्या लढायांची नावं जरीने भरायची होती आणि जागा वीसच, डावीकडे दहा, उजवीकडे दहा. समितीने यादी केली, त्यात धाकट्यांची ‘बारा कमानी’ ही पुलावरची लढाई गळाली. त्याच पुलावर माझे भाऊजी लढताना पडले होते. थोरल्या बहिणीला, अक्काला, सांगायची माझी छातीच होईना. ती रोज विचारायची, “भरलंस का रे आमचं नाव?” मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेरा नावं भरून झाली होती. चौदाव्यासाठी यादी उघडली आणि तारखेवर नजर गेली.

“हे सातवं बघा, थोरल्यांचं. दुधी नदी. आणि हे चौदावं, धाकट्यांचं. वाळूनाका. तारखा बघा साहेब, तारखा!”

तारीख एकच होती.

साहेबांनी नकाशा पसरला. नाका नदीच्याच काठावर! दोन्ही रिसाले एकाच सकाळी एकाच शत्रूवर तुटून पडले होते, आणि परत आल्यावर दोघांनीही विजय एकट्याचाच म्हणून मिरवला. पुढे तीन पिढ्या एकमेकांचं तोंड बघितलं नाही, मग कळणार कसं?

“धन्य आहे आपली!” साहेब पोट धरून हसले. “म्हणजे लढाई एकच, नाव एकदाच. धाकट्यांची एक जागा रिकामी झाली. तिथे काय घालायचं?”

मी कापड उलगडलं. चौदाव्या जागी खडूने ‘बारा कमानी’ लिहूनच आणलं होतं.

“भारी आहात हो मास्तर! भरा, भरा.”

त्या दिवशी मी घरी चालत नाही, पळत गेलो.

संचलनाला अक्का माझ्या शेजारी होती. निशाण आलं तसे सगळे उभे राहिले. तिने माझा दंड घट्ट धरला. “कुठे रे?”

“उजवीकडे. वरून चौथं.”

निशाण पुढे गेलं, लोक बसले. अक्का उभीच.

“आजी, बसा ना, दिसत नाहीये,” मागून कोणीतरी म्हणालं.

मी वळलो. “जरा थांबा हो,” मी म्हणालो, “तिचे यजमान चाललेत.”