खालून पहिलं घर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा प्रदीप म्हणतो की तुझं डोकं म्हणजे स्टोव्ह, काडी दाखवायच्या आत भडकतो. म्हणूनच शेठनी मला घरी बसवलं त्या दिवशी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, याचा सगळ्यात मोठा धक्का त्यालाच बसला.

मी पूनम. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं ग्राफ काढले. चादरीवर जी नक्षी दिसते ती आधी चौकटीच्या कागदावर घर-घर भरून उतरवावी लागते. भरलेलं घर म्हणजे दोरा वर, रिकामं घर म्हणजे दोरा खाली. एक घर चुकलं तर हजार चादरी चुकतात. हे काम मला गुरुबसप्पा मास्तरांनी शिकवलं. मास्तर अक्कलकोटकडचे, निम्मं मराठीत आणि निम्मं कानडीत रागवायचे. त्यांचा पहिला धडा असा, की ग्राफ नेहमी खालून वर काढायचा आणि खालून वर वाचायचा. "कापड खालनं वाढतंय की पूनम," ते म्हणायचे. "वरनं वाचतंय ते गिऱ्हाईक." मास्तर गेले, पण ती सवय हातात राहिली. मी किराण्याची यादीसुद्धा खालून वर लिहिते.

लॉकडाऊनमध्ये शेठनी मला घरून काम करायला एक छोटा लॅपटॉप दिला. शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा. दोन वर्षं बसून मी माझे सगळे जुने ग्राफ त्यात उतरवले, एकशे चाळीस नक्ष्या. सगळं लॅपटॉपवर आलं म्हणून मी कागदांकडे बघणं सोडलं, आणि माळ्यावर वाळवीनं त्यांचा भुगा केला. मग गेल्या वर्षी शेठनी बाहेरून तयार नक्ष्या विकत घ्यायला सुरुवात केली. नक्षीच्या सॉफ्टवेअरचं माझ्याकडचं लायसन बंद केलं आणि वर म्हणाले, "लॅपटॉप ठेव तुला. तसाही भंगारच आहे." एकोणीस वर्षांचा आहेर.

भंगार मात्र खरंच होता. सुरू केला की चहा करून, पिऊन, कप धुऊन ठेवला तरी पडद्यावर गोल-गोलच फिरत असायचं. रोज एकच निरोप, जागा शिल्लक नाही. दुकानदारानं तो उघडूनही न बघता सांगितलं, "मॅडम, यात जीव नाही. नवीन घ्या." ज्यानं हात लावला नाही त्यानं जीव नाही म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही.

त्याच आठवड्यात भवानी पेठेतल्या शिवानंदचा फोन आला. त्याचे चार माग, नवीन पद्धतीचे, नक्षीची फाईल थेट मागाला घालता येते. तो म्हणाला, "ताई, तुमचा तो शाळू मला लई आवडतो. तसलंच नवीन कायतरी काढा की. एक माग पुढच्या सोमवारपर्यंत रिकामा ठेवतो. तोवर फाईल आली न्हाई तर टॉवेलवाल्याला लावीन, माझा पण इलाज न्हाई."

शाळू म्हणजे माझी सगळ्यात खपलेली नक्षी. शाळूच्या ज्वारीची कणसं, ओळीनं उभी. या जिल्ह्यात लग्न झालेल्या निम्म्या पोरी ती चादर घेऊन सासरी गेल्या असतील. त्या सोमवारपर्यंत फाईल दिली तर मी माझ्या जिवावर ग्राफवाली, नाही दिली तर कुणाच्या तरी कारखान्यात चादरींच्या घड्या घालायला. मधलं काही नव्हतं.

विंडोज काढून त्याजागी लिनक्स बसवता येतं, असं मी मोबाईलवर वाचलं. फुकट, लहान मशीनला झेपणारं, आणि मुख्य म्हणजे त्याला लायसन नाही. कुणी एक दिवस उठून बंद करू शकत नाही. एवढं वाचलं आणि माझं ठरलं. प्रदीप एस.टी. डेपोत कारकून आहे, तो म्हणाला, "तुला जमंल का?" त्याला असं विचारायची सवय आहे आणि मला असं ऐकून घ्यायची नाही.

रविवारी लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार केला, लावला, तर लॅपटॉप त्याच्याकडे बघायलाच तयार नाही. सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी एका कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेलं सापडलं की अशा स्वस्त लॅपटॉपमध्ये मशीन एका मापाची आणि तिला उठवणारा प्रोग्राम दुसऱ्या मापाचा असतो. घर आपलंच, पण दारावरच्या वॉचमनला आपली भाषा कळत नाही. अशा लॅपटॉपसाठी वेगळी फाईल मिळते. बुधवारी ती घेतली आणि पडदा निळा झाला. भाषांची यादी आली, तिच्यात मराठी होती. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच सगळं बंद करून चहा टाकला. सावकाश करू म्हटलं, घाईनं ग्राफ बिघडतो.

मग पुढच्या पायऱ्या मी चौकटीच्या कागदावर उतरवून घेतल्या. एका घरात एक अक्षर, रिकाम्या जागेला रिकामं घर. पाच ओळी झाल्या. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला तसाच ठेवला, कागद खाली सरकवला आणि गुरुवारी सकाळी सुताचे रंग बघायला शिवानंदकडे गेले.

प्रदीपला गुरुवारची सुट्टी असते. मी परत आले तर घरात भज्यांचा वास, आणि नवरा दारातच उभा, नवरदेवासारखा.

"डोळे झाक."

"कशाला?"

"झाक की."

मी डोळे झाकले, उघडले. टेबलावर लॅपटॉप चालू होता. नुसता चालू नाही, धावत होता. एका बोटाच्या टिचकीत खिडकी उघडत होती. आणि सगळं मराठीत.

"तुज्या कागदावरनं केलं," तो म्हणाला. "एका फटक्यात! चारच्या चार दिवस तू उगं झटत बसलीस."

"आणि नक्षीचा फोल्डर?"

"कुटला फोल्डर?"

मी कागद उचलला. सगळ्यात वरची ओळ होती, 'सगळी डिस्क पुसून बसवणे, हो म्हणणे'. सगळ्यात खालची होती, 'आधी नक्षीचा फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेणे'. त्यानं वरून सुरुवात केली होती. पहिल्याच ओळीत मशीन तयार झाली, म्हणून बाकीच्या चार त्यानं वाचल्याच नाहीत.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. गल्लीतल्या दोन खिडक्या बंद झाल्या, एवढं सांगते. प्रदीप खाली मान घालून भज्यांचं ताट धरून उभा होता. त्यानं लॅपटॉप दुकानात नेला, तिथून हात हलवत परत आला. जे गेलं ते गेलं. त्या दिवशी भजी कुणी खाल्ली नाहीत. रात्रभर मला एकच दिसत होतं, एकशे चाळीस नक्ष्या, आणि प्रत्येकीत डोळे फोडून भरलेली घरं. चूक निम्मी माझी होती. खालून वाचायचं हे मला आणि मेलेल्या मास्तरांनाच माहीत, नवऱ्याला कुठून कळणार? पण हे मी त्याला शनिवारी सांगितलं. गुरुवारी सांगण्याइतकं माझं मन मोठं नाही.

शुक्रवारी सकाळी मी नाक मुठीत धरून शेठना फोन केला. कारखान्यात माझ्या फायली होत्या. शेठ गोड बोलले. गोड बोलले की मला भीती वाटते.

"देतो की शाळूची फाईल. आपलीच माणसं तुम्ही. फक्त एक कागद करू. नक्ष्या सगळ्या कारखान्याच्या, तुमचा हक्क नाही, आणि बाहेर कुणाला काढून देणार नाही. सही करा, आणि पुन्हा कामावर या. लॅपटॉपचं काय झालं?"

सही केली असती तर पगार होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मोहही झाला. मग मला एकाएकी ते 'भंगार' आठवलं.

"तेच सांगायला फोन केला होता, शेठ. लॅपटॉप चालू झाला. पळतोय नुसता." आणि ठेवून दिला.

फोन ठेवला खरा, पण हातात काय होतं? रिकामा लॅपटॉप. त्यात वायफायसुद्धा लागेना. रागात माझं डोकं बरं चालतं, म्हणून मोबाईल वायरनं जोडून त्यावरून इंटरनेट घेतलं, आणि चित्र काढायचा एक फुकट प्रोग्राम उतरवला. त्यात पान एवढं मोठं करता येतं की एक-एक ठिपका चौकोन होऊन दिसतो. मी बघतच राहिले. हा तर माझाच कागद! फक्त पडद्यावर. पण नव्या नक्षीसाठी शाळूचं कणीस आठवून काढायला बसले तर दाणे चुकायला लागले. अकरा वर्षांपूर्वीचं प्रत्येक घर कुणाला आठवतं?

डोकं शांत करायला बाहेर गॅलरीत आले. शेजारच्या काशम्मा उन्हाला बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, थंडीत अंगावर चादर घेऊन सकाळभर ऊन खातात. रोज बघते मी त्यांना. त्या दिवशी मी चादर बघितली.

शाळू होता. धुऊन धुऊन रंग उतरलेला, पण दाणा न् दाणा जागेवर.

"अज्जी, ही चादर दोन दिवस देता का मला?"

"का गं? तुज्याकडं चादर न्हाई?"

"यातली नक्षी मोजायची हाय. मीच काढलेली हाय ती."

काशम्मांनी चादर मांडीवर पसरली, माझ्याकडं बघितलं, परत चादरीकडं बघितलं.

"अकरा वरसं अंगावर घेतीय मी ही," त्या म्हणाल्या. "तुजी हाय म्हणून एकदा तरी सांगायचं न्हाई?"

माझी म्हणून त्यावर कुठं लिहिलं होतं? कोपऱ्यात विणलेलं नाव शेठच्या कारखान्याचं होतं. ती अक्षरंसुद्धा मीच भरलेली, प्रत्येक नक्षीत, एकोणीस वर्षं. मला तिथंच रडू फुटलं. काशम्मांनी चादर काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः पदर गुंडाळून बसल्या.

मास्तरांनी दिलेलं दोरे मोजायचं भिंग अजून माझ्याकडे आहे, कापडावर उभं राहतं, खाली एक इंचाची चौकट. शुक्रवार आणि शनिवार, जेवढा वेळ खिडकीत उजेड होता तेवढा वेळ मी भिंगातून मोजत होते आणि प्रदीप मी सांगेन ते लिहून घेत होता. "तीन भरले, एक रिकामा, पाच भरले." डेपोतली रजा त्यानं आपणहून टाकली होती. खालून वर लिहीत होता बिचारा, आणि प्रत्येक ओळीला विचारत होता, "हे खालीच ना?" शनिवारी संध्याकाळी मी त्याला म्हटलं, चूक निम्मी माझी होती. तो म्हणाला, "निम्मी?" मग दोघंही हसलो. भजी पुन्हा झाली.

रविवारी मी एकटी लॅपटॉपसमोर बसले. दाणे, पानं, पेरं, सगळी घरं हातात होती. पण एक गोष्ट मी जुनी ठेवली नाही. मूळ कागदावर मी कणसं ताठ काढली होती. शेठ म्हणाले होते, माना जरा झुकव, नाजूक दिसतं. मी झुकवल्या होत्या. अहो, शाळूचं कणीस काय भाताची लोंबी आहे का मान टाकायला? ते रानात ताठ उभं असतं, पाखरांच्या नाकावर टिच्चून. या वेळी मी सगळ्या माना सरळ केल्या. बत्तीस कणसं, एकही झुकलेलं नाही. त्या छोट्याशा लॅपटॉपनं दिवसभरात एकदाही तक्रार केली नाही.

सोमवारी सकाळी फाईल शिवानंदच्या मागाला लागली. तो जरा चुळबुळत होता. "ताई, शेठ भांडाय आले तर? म्हणतील, फाईल कुटनं आणली?"

"म्हणावं, शेजारणीच्या अंगावरनं मोजून आणली. आणि माना बघा म्हणावं, ह्या तुमच्या न्हाईत."

माग सुरू झाला. कापड खालून वाढतं, म्हणून चादरीत सगळ्यात आधी कोपऱ्यातलं नाव विणलं जातं, नक्षी नंतर. त्या खडखडाटात मी खाली वाकून बघत होते. पहिलं घर भरलं, दुसरं भरलं. चार बोटं कापड झालं आणि नाव पुरं झालं. शिवानंदनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या मागाकडं गेला.

पहिली चादर मी विकली नाही. ती काशम्मांना दिली. त्यांना कानडी वाचता येतं, मराठी येत नाही. त्यांनी कोपरा हातात धरला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय हितं?"

"पूनम."

त्यांनी चादर अंगावर ओढली. नाव पायाशी येत होतं, म्हणून पुन्हा काढली, फिरवली आणि नावाची बाजू गळ्याशी घेतली.